डोळ्याला ऊब, पायाला गारवा

आमच्या भिवंडीच्या घराला 'मिड-सेंच्युरी मॉडर्न' म्हणतात, हे मला वयाच्या साठीत कळले. सांगणारा माझा मुलगा. कुठल्याशा जाडजूड इंग्रजी पुस्तकातली चित्रे पुढे धरून तो एकेक खूण मोजू लागला. सपाट छप्पर, लांब आडव्या खिडक्या, त्यांच्यावर पुढे आलेले छज्जे, जिन्याला सिमेंटची जाळी, खाली मोझॅकची जमीन. "बाबा, हे तर आपलंच घर!" आई शेजारी ताटात तांदूळ निवडत बसली होती. मान वर न करता तिने विचारले, "म्हणजे काय रे?"

"म्हणजे गेल्या शतकाच्या मध्यावरचं आधुनिक घर, आजी."

"मग सरळ सांग ना, तुझ्या आजोबांनी बांधलेलं घर."

आम्ही तिघेही हसलो. पण मला हसता हसता ठसका लागला. कारण पुस्तकातली ती मोझॅकची जमीन आमच्या घरात आता दिसत नव्हती. ती मीच झाकली होती. जमीनच नव्हे, त्या घरातले आणखीही पुष्कळ काही मी मोठ्या हौसेने, पदरचे पैसे खर्चून झाकून टाकले होते. ते पुन्हा उघडे करताना जे शिकलो, ते सांगण्यासाठी हा लेख.

अण्णा, म्हणजे माझे वडील, एका सायझिंगच्या कारखान्यात हिशेब लिहीत. मागावर चढवण्याआधी ताण्याच्या सुताला खळ लावावी लागते. ते काम सायझिंगवाले करतात. भिवंडीत तेव्हा हातमाग मागे पडून यंत्रमागांची खटखट गल्लोगल्ली सुरू झाली होती. आमचे जुने घर कौलारू. माजघरात भर दुपारीही दिवा लावावा लागे. आई नवी नवरी होऊन आली ती त्या माजघरात, आणि धुराने डोळे चोळत चुलीपुढे बसली. १९६२ साली अण्णांनी नवे घर बांधले, तेव्हा मी पाळण्यात होतो. सिमेंट परवान्यावर मिळायचे. पोती जमवता जमवता एक पावसाळा निघून गेला आणि मग एका दिवसात, सगळी आळी मदतीला येऊन, स्लॅब पडला. आईसाठी उभ्याने स्वयंपाक करायचा ओटा झाला. त्या ओट्यासमोर खिडकी आली. आई अजून सांगते, पहिल्या दिवशी तिने त्या खिडकीतून रस्ता पाहिला आणि पोळी करपली.

आमच्या घराचा नकाशा कुणा नामवंत वास्तुशिल्पीने काढला नव्हता. एका ओळखीच्या ओव्हरसियरने तो कागदावर आखला आणि गवंड्याने मुंबईत पाहिलेल्या इमारती आठवून छज्जे ओढले. पण वारे सगळीकडे तेच वाहत होते. चंडीगढ उभे राहत होते. मालवणजवळच्या आचऱ्याचे अच्युत कानविंदे मुंबईच्या जे. जे. मधून हार्वर्डला गेले, वॉल्टर ग्रोपिअस यांच्या हाताखाली शिकले आणि परत येऊन त्यांनी अहमदाबादेत कापडधंद्याच्या 'अटिरा' या संशोधन संस्थेची इमारत उभी केली. १९५८ मध्ये चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन जोडपे सरकारच्या निमंत्रणावरून देशभर हिंडले आणि त्यांनी आपल्या अहवालात चक्क आपल्या तांब्याचे गुणगान केले. कुणा एका कारागिराने नव्हे, तर पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांनी घडवलेली वस्तू, हे त्यांना त्यात दिसले. त्या अहवालानंतर, १९६१ साली, अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था स्थापन झाली.

या सगळ्या मंडळींच्या कामात एक गोष्ट समान आहे आणि ती माझ्या ध्यानात फार उशिरा आली. त्यांनी काँक्रीट वापरले, पण एकटे कधी सोडले नाही. कानविंद्यांनी कानपूरच्या आयआयटीत काँक्रीटच्या चौकटीत विटा भरल्या आणि त्या उघड्या ठेवल्या. चंडीगढला पिअर जानरे यांनी कचेऱ्यांसाठी खुर्च्या केल्या त्या सागाच्या आणि वेताच्या. (याच खुर्च्या पुढे सरकारी कचेऱ्यांनी भंगारात काढल्या आणि परदेशी लिलावांत लाखो रुपयांना विकल्या गेल्या, ही वेगळीच कथा.) थंड आणि कठीण वस्तूच्या शेजारी हाताला मऊ, डोळ्याला उबदार वस्तू ठेवायची, असा तो हिशेब होता. अण्णांना यातले काही ठाऊक नव्हते. पण आमच्या घरात स्लॅबखाली सागाचे दरवाजे होते, वेताची आरामखुर्ची होती, देवघरात पितळ होते आणि दिवाणखान्याच्या मधोमध एनॅमलच्या टोपीखाली पिवळा बल्ब होता. हिशेब तोच.

तो मी बिघडवला. एकदम नव्हे, हप्त्याहप्त्याने. सागाच्या दरवाजांना तपकिरी ऑइलपेंट फासला गेला होताच. २००९ मध्ये मी मोझॅकवर चकचकीत पांढऱ्या व्हिट्रिफाइड लाद्या बसवल्या. जमीन वर आली म्हणून दरवाजे खालून कापले. छताखाली पीओपीचे फॉल्स सीलिंग आले. वेताची खुर्ची माळ्यावर गेली आणि तिच्या जागी काळ्या रेक्झिनचा सोफा आला. २०१५ साली सरकारच्या योजनेतून एलईडी दिवे स्वस्त झाले. त्याच्या पुढच्या वर्षी मी फॉल्स सीलिंगमध्ये एका ओळीत आठ पांढरे पॅनेल बसवून टाकले. बटण दाबले की घर दुधात बुडवल्यासारखे दिसे. पाहुणे म्हणत, "वा, काय उजेड आहे!" आई एवढेच म्हणाली, "दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारखं वाटतं रे." मी ते मनावर घेतले नाही. घर सजवणाऱ्याला घरात राहणाऱ्याचे ऐकू येत नाही, हा अनुभव बहुतेक घरांत असेल.

२०१८ च्या जुलैत आई पडली. संध्याकाळची वेळ, बाहेर मुसळधार पाऊस, कुणाच्या तरी छत्रीचे पाणी दारात ओघळलेले. पांढरी लादी, तिच्यावर पांढऱ्या दिव्यांचे प्रतिबिंब. त्या चकाकीत ओले कुठले आणि कोरडे कुठले, हे तिच्या ऐंशीकडे झुकलेल्या डोळ्यांना कळलेच नाही. उजवे मनगट मोडले. सहा आठवडे प्लास्टर. त्या दिवसांत मी बँकेतून घरी यायचो तेव्हा आई सगळे दिवे बंद करून मागच्या पडवीत बसलेली असायची. मला वाटायचे, विजेचे बिल वाचवते आहे. एकदा रागावलोही. तेव्हा ती म्हणाली, "दिवे टोचतात रे मला. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून जास्तच टोचतात."

पुढे डॉक्टरांनी समजावले, ते असे. वय वाढते तसे डोळ्यातले नैसर्गिक भिंग पिवळट होत जाते आणि प्रकाशातला निळा भाग अडवते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत ते काढून स्वच्छ भिंग बसवले की निळा प्रकाश पुन्हा आत येतो. पांढऱ्या वस्तू निळसर दिसू लागतात. आमचे पॅनेल होते साडेसहा हजार केल्व्हिनचे, म्हणजे भरपूर निळ्या अंशाचे. आई तक्रार करत नव्हती, निदान सांगत होती.

तरीही घराला हात लावायला २०२० साल उजाडले. त्या वर्षी २१ सप्टेंबरच्या पहाटे भिवंडीतल्या पटेल कंपाउंडमधली तीन मजली इमारत कोसळली आणि चाळीसच्या आसपास माणसे झोपेतच गेली. गावात त्यानंतर कित्येक दिवस लोक आपापल्या घराच्या भिंतींकडे बघत झोपत होते. आमच्या स्वयंपाकघरातल्या स्लॅबचे पोपडे पडत होते, ते फॉल्स सीलिंगमुळे कुणाला दिसत नव्हते एवढेच. धाकटा भाऊ डोंबिवलीहून आला. एका बिल्डरचा निरोप त्याच्याकडे होता. "दादा, विकून टाकू. टॉवर होईल, दोन फ्लॅट मिळतील. या गोदामांच्या गावात जुनं घर ठेवून काय करायचंय?" त्याचे चूक होते असे मी म्हणणार नाही. आईने दोघांचेही ऐकून घेतले आणि विचारले, "पडेल का रे ते?" तिचा प्रश्न आमच्या दोघांच्या प्रश्नांपेक्षा शहाणा होता. म्हणून आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावले.

जुन्या घराच्या सजावटीवर लिहिणारे बहुतेक लोक हे पान गाळून पुढे जातात, म्हणून मी मुद्दाम इथे थांबतो. साठ वर्षांच्या स्लॅबला सर्वांत मोठा शत्रू म्हणजे आतल्या सळयांचा गंज. पाणी मुरते, सळई गंजते, गंजलेली सळई फुगते आणि फुगताना काँक्रीट फोडते. आमचे फॉल्स सीलिंग उतरवले तेव्हा तीन ठिकाणी सळया उघड्या पडल्या होत्या. इंजिनिअरने ठोकून, तपासून सांगितले की दुरुस्ती शक्य आहे. गच्चीचे वॉटरप्रूफिंग, गंज घासून सळयांना लेप, गेलेल्या सळयांच्या जोडीला नव्या, वर पॉलिमर घातलेला मसाला. त्यानंतर वायरिंग. लाकडी पट्टीवरची जुनी वायर काढून नवी टाकली, प्रत्येक खोलीत अर्थिंग नेले, झटका बसताच पुरवठा तोडणारे यंत्र मीटरपाशी लावले. माझ्या बजेटचा मोठा हिस्सा या न दिसणाऱ्या गोष्टींत गेला. पण ज्या घराच्या छताचा भरवसा नाही, तिथे कितीही सोनेरी दिवा लावला तरी त्याखाली झोप येत नाही.

फॉल्स सीलिंग गेल्याचा एक फायदा अनपेक्षित होता. भिंतीच्या वरच्या टोकाला अण्णांनी ठेवलेले झरोके मोकळे झाले. उन्हाळ्यात तापलेली हवा वर चढते आणि तिथून बाहेर जाते, एवढे साधे त्यांचे काम. अकरा वर्षे मी ते बुजवून ठेवले होते आणि खाली एसीच्या किमती विचारत फिरत होतो.

मग जमीन. मिस्त्रीने दिवाणखान्यातली पहिली लादी उचकटली तेव्हा मी श्वास रोखून उभा होतो. खालून मोझॅक निघाला: पिवळसर सिमेंटमध्ये संगमरवराच्या काळ्या, तांबूस, पांढऱ्या कपच्या, कडेने काळा पट्टा. आणि त्या सगळ्यावर, देवीच्या व्रणांसारखे, शेकडो टाचे. नवी लादी नीट चिकटावी म्हणून जुन्या जमिनीला टाचे मारतात; मीच तेव्हा शेजारी उभा राहून "नीट मारा" म्हणालो होतो. मिस्त्रीने कपच्या आणि रंगीत सिमेंट कालवून खड्डे भरले, मशीनने घासले, पण रंग जुळला नाही. ठिपके अजून दिसतात. आई वाकून हात फिरवत म्हणाली, "राहू दे. आपल्या सगळ्यांच्याच अंगावर असतात." ज्यांच्या घरात अजून मोझॅक शाबूत आहे त्यांना माझी हात जोडून विनंती आहे: त्यावर काही बसवू नका. पॉलिशवाल्याला बोलवा. दगडाची ती जमीन एका दिवसात पुन्हा तरणी होते, आणि आरशासारखी चकाकू दिली नाही तर ओलेही वेळेवर दिसते.

दरवाजांची गोष्ट जास्त जपून करावी लागली. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसे असते. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशाला कडक मर्यादा आली ती २०१७ साली. त्याआधीचा रंग कोरडा खरवडला तर ती विषारी धूळ घरभर होते आणि लहान मुलांच्या पोटात जाते. म्हणून दरवाजे उतरवून अंगणात नेले, रंग ओला करून काढला, सुताराने तोंडाला चांगला मास्क बांधला, खालचा कचरा ओल्या कापडात गुंडाळून वेगळा केला. तपकिरी थराखालून मधासारखा साग बाहेर आला. सुतार वयस्क होता. तळवा फिरवून म्हणाला, "असलं लाकूड आता बघायला मिळत नाही." त्यावर चकचकीत मेलामाइन न चढवता अळशीचे तेल आणि मेण चोळले. चकाकी म्हणजे ऊब नव्हे. चकाकी उजेड परत फेकते, तेल लावलेले लाकूड तो थोडा आत घेते.

एवढे झाल्यावर मला जो उत्साह चढला त्यात मी माझी दुसरी मोठी चूक केली. 'उबदार प्रकाश' हा शब्द कानावर पडला होता. मी सगळे पांढरे पॅनेल काढले आणि घरभर मंद पिवळे दिवे लावले. घर चित्रातल्यासारखे दिसू लागले. आम्ही नवराबायको खूश. तिसऱ्या दिवशी आईने तांदळाचे ताट माझ्यापुढे ठेवले. "यातला खडा दाखव." मला दिसेना. "मग मला कसा दिसणार? आधी डोळे दिपवलेस, आता आंधळी कोशिंबीर."

चूक अशी होती की मी दिव्याचा रंग आणि दिव्याचा जोर यांची गल्लत केली. दिव्याच्या खोक्यावर दोन आकडे असतात. केल्व्हिनचा आकडा रंग सांगतो, आणि तो उलटा चालतो: आकडा लहान तितका प्रकाश पिवळा. आपला जुना बल्ब सुमारे २७०० केल्व्हिनचा, नेहमीची पांढरी ट्यूब ६५०० ची. लुमेनचा आकडा मात्र उजेड किती ते सांगतो. साठ वॉटच्या जुन्या बल्बइतका, म्हणजे साधारण ८०० लुमेन उजेड आजचा आठ-नऊ वॉटचा एलईडी देतो. वय झाले की डोळ्याची बाहुली तरुणपणाइतकी उघडत नाही, म्हणून म्हाताऱ्या माणसाला उजेड कमी नव्हे, जास्त लागतो. फक्त तो डोळ्यांत घुसणारा नको, कामावर पडणारा हवा. तिसराही एक आकडा पाहावा, सीआरआय नावाचा. वस्तूंचे रंग किती खरे दिसतील ते तो सांगतो. नव्वदच्या पुढचा दिवा घेतला की साग सागासारखा, आमटी आमटीसारखी आणि माणसाचा चेहरा निरोगी दिसतो. हलक्या दिव्यात तिन्ही फिक्कट होतात.

डेन्मार्कच्या पॉल हेनिंगसेन यांनी शंभर वर्षांपूर्वी, १९२० च्या दशकात, दिव्याच्या टोप्यांवर आयुष्य घातले ते याच प्रश्नासाठी. बल्ब कुठूनही नजरेस पडू नये आणि उजेड मात्र टेबलावर नीट उतरावा. जपानी वंशाचे शिल्पकार इसामू नोगुची यांनी १९५१ पासून कागद आणि बांबूचे 'अकारी' दिवे केले, ते आज जगभरच्या श्रीमंत घरांत टांगलेले असतात. मुलाने मला त्यांचे चित्र दाखवले तेव्हा मी म्हणालो, "अरे, हा तर आकाशकंदील!" दर दिवाळीला बांबूच्या काड्या आणि खळ घेऊन बसणाऱ्या आपल्या लोकांना प्रकाश गाळून घ्यायची विद्या कुणी नव्याने शिकवायला नको. आपण ती वर्षातून चार दिवसच वापरतो, एवढेच.

मग आम्ही घरातले दिवे पुन्हा लावले, आणि या खेपेला आधी आईला विचारले: तू कुठे बसतेस, काय करतेस, रात्री कुठून कुठे जातेस? दिवाणखान्यात वरून एकच मोठा दिवा न ठेवता तीन ठिकाणी तीन लहान दिवे आले, कमरेच्या ते खांद्याच्या उंचीवर. आईच्या खुर्चीच्या डाव्या खांद्यामागे भरपूर उजेडाचा, पण टोपीत झाकलेला दिवा. ओट्यावर फळीच्या खाली दडवलेली प्रखर पट्टी, थेट पाटावर आणि विळीवर पडणारी. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत भिंतीच्या तळाशी मंद दिवे, रात्रभर चालू. त्यांचे महिन्याचे बिल चहाच्या कपाएवढेही येत नाही. भिंतींच्या चुन्यात आईच्या सांगण्यावरून चिमूटभर पिवडी घातली. अण्णांची एनॅमलची टोपी माळ्यावरच्या पेटाऱ्यात सापडली. ती जेवणाच्या टेबलावर खाली आणून टांगली.

आता वस्तूंविषयी. उबदार घर कसे करावे यावर जे छापून येते, ते बहुतेक थंड देशातल्या माणसांनी लिहिलेले असते. लोकरी गालिचा टाका, मखमली पडदे लावा, उशांची रास करा. भिवंडीत मे महिन्यात हे करून पाहावे! आमच्या गावात तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात: उन्हाळ्याची काहिली, पावसाळ्याची ओल आणि मागांवरून उडणारे सुताचे तंतू. मी हौसेने आणलेला लोकरी गालिचा पहिल्याच पावसाळ्यात बुरसला. कापडी टोपीचा दिवा महिन्याभरात तंतूंनी म्हातारा झाला. उघड्या फळ्यांवरची पुस्तके पांढरी पडू लागली तेव्हा अण्णांचे काचेच्या दारांचे कपाट परत आणले. हळूहळू उमगले की आपल्या हवेत ऊब डोळ्याला आणि तळव्याला द्यायची, पायाला आणि पाठीला गारवाच हवा. मोझॅक दिसायला उबदार आणि पायाला गार. वेत दिसायला सोनेरी आणि त्यातून वारा खेळतो. साग, पितळ, चुना, मातीची कुंडी, सुती सतरंजी, सगळ्यांचा स्वभाव तोच. आणि सगळे पुसता, धुता, उन्हात टाकता येते. आपल्या आज्या-पणज्यांनी हे जिन्नस गरिबीमुळे वापरले असे आपण समजतो. त्यात हवेची पारखही होती.

पडद्यांचे कापड शेजारच्या चाचांकडून आले. कोकणी मुसलमान, अण्णांचे दोस्त, वय आईएवढे. दोन पिढ्या त्यांचे माग होते. सगळ्या देशाला कापड पुरवणाऱ्या या गावात राहून माझ्या घरातले पडदे मात्र पॉलिएस्टरचे होते. चाचांनी मागावरून उतरलेल्या न धुतलेल्या, न रंगवलेल्या सुती कापडाचा तागा पाठवला. आपण त्याला मांजरपाट म्हणतो. दोनदा उकळून, खळ काढून शिवला. सकाळच्या उन्हात त्या पडद्यातून जो सायीच्या रंगाचा उजेड येतो, तो मला कुठल्या दुकानात विकत मिळाला नसता.

त्याच सुमारास मी चाचांकडे आणखी एक मागणे केले. त्यांचे जुने माग नुकतेच भंगारात गेले होते. त्यातले लाकडी धोटे मिळाले तर त्यांचा झुंबरासारखा दिवा करावा, असे माझ्या डोक्यात आले. चाचांनी टोपलीभर धोटे आणून दिले. मग थोडे थांबून म्हणाले, "ने, तुझ्यासाठी ना नाही. पण दिवाणखान्यात टांगू नको. मी वैनींना भेटायला येतो ना, मला वर बघवणार नाही." मी धोटे परत केले. जुन्याची आवड चांगली. पण एखाद्याच्या पोटावरची वस्तू दुसऱ्याच्या भिंतीवरची शोभा होते, तेव्हा विचारून घ्यावे.

मंद दिव्यांविषयी बोलताना आणखी एका गोष्टीची कबुली द्यायला हवी. आमच्या पिढीच्या भिवंडीकरांना कंदिलाची आठवण गोड वाटते, कारण भारनियमनाच्या काळात, २००७ मध्ये वीजवितरणाची व्यवस्था बदलण्याआधी, कित्येक संध्याकाळी सगळे घर एका कंदिलाभोवती बसे. गप्पा रंगत. पण त्याच वेळी बाहेर मागांची खटखट थांबलेली असे, आणि खटखट थांबली की रोजंदारीवरच्या विणकराची त्या दिवसाची मजुरी बुडे. अंधाराचे कौतुक ज्याच्या हातात बटण आहे त्यानेच करावे. मला कंदील परत नको आहे. कंदिलाभोवतीची बैठक तेवढी हवी होती. ती दिवा खाली आणल्याने परत आली, हे मात्र खरे. भिंतीवरच्या ट्यूबने आम्हाला चार कोपऱ्यांत चार मोबाइल घेऊन बसवले होते. टेबलावरच्या टोपीखाली आता जेवण झाल्यावरही कुणी उठत नाही.

गेल्या दिवाळीला धाकटा भाऊ सहकुटुंब आला. बिल्डरचा फोन त्याला अजून येतो, मलाही येतो. आजूबाजूच्या दोन घरांचे टॉवर झाले. आमच्या पश्चिमेच्या खिडकीतले ऊन आता चारलाच जाते. हे घर किती वर्षे राहील मी सांगू शकत नाही. इंजिनिअरने दुरुस्तीचे जेवढे आयुष्य सांगितले, त्यातली काही वर्षे गेली. आई नसेल तेव्हा आम्ही दोघे भाऊ काय करू, हेही माहीत नाही. भाऊ माळ्यावरून उतरवलेल्या वेताच्या खुर्चीत बसला होता. नवा वेत मी विणून घेतला आहे. हातांच्या जागी सागाला अण्णांच्या तळव्यांची झीज तशीच आहे. तो बराच वेळ त्या झिजेवरून अंगठा फिरवत राहिला. विक्रीचा विषय त्या खेपेला निघाला नाही.

संध्याकाळ झाली. आई उठली, देवापुढे निरांजन लावले, मग भिंतीला हात न लावता चालत आली आणि एकेक बटण दाबत घरातले दिवे लावले. टेबलाजवळ आली तेव्हा टोपीखालच्या उजेडात तिने तांदळाचे ताट ओढले आणि माझ्या पुतणीला शेजारी बसवून म्हणाली, "बघ, यात खडा दिसतो का." पोरीने पाहिले, एक खडा चिमटीत धरून वर केला, आणि दोघी कामाला लागल्या.